दिवसरात्र ट्रेल रिले: दोन धावांमधले साडेसहा तास

दिवसरात्र चालणाऱ्या ट्रेल रिलेसाठी, म्हणजे डोंगर-रानातल्या पायवाटांवर संघाने आळीपाळीने धावायच्या शर्यतीसाठी, नाव नोंदवताना बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो 'एकूण किती किलोमीटर?' माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा असायला हवा: माझ्या दोन धावांमध्ये किती वेळ आहे, आणि त्या वेळात मी काय करणार?

हिशोब करून बघा. आठ जणांचा संघ, प्रत्येकाच्या तीन फेऱ्या, एका फेरीला सरासरी ५५ मिनिटं. एकूण २४ फेऱ्या म्हणजे २२ तास. त्यातलं तुमचं स्वतःचं धावणं पावणेतीन तासांचं. उरलेले सव्वाएकोणीस तास तुम्ही तंबूत, पांघरुणात, हँडओव्हरच्या (पुढच्या धावपटूकडे पाळी सोपवायच्या) जागी किंवा खाण्याच्या डब्याशी असता. पावणेतीन तासांची तयारी सगळेच करतात. बाकीच्या वेळेची फारसं कुणी करत नाही, आणि तिसरी धाव कशी जाणार ते त्याच वेळात ठरतं.

माझ्या पहिल्या रिलेत मी दुसऱ्या धावेनंतर ओल्या मोज्यांतच बसून राहिलो, गप्पा मारल्या, भूक नाही म्हणून जेवण टाळलं आणि पहाटेच्या धावेसाठी फोनवर गजर लावून आडवा झालो. थंडीने फोन बंद पडला. आमची सहकारी तिची फेरी संपवून हँडओव्हरला आली तेव्हा तिथे कुणीच नव्हतं. घामाने भिजलेल्या कपड्यांत ती अठरा मिनिटं थंडीत उभी राहिली. त्या अठरा मिनिटांनी मला जे शिकवलं, त्यावरच हा लेख उभा आहे.

## आधी प्रकार समजून घ्या

रात्रीतून धावायची रिले ही काही नवी कल्पना नाही. फिनलंडची युकोला रिले १९४९ पासून होते. सात टप्पे, जूनमधल्या शनिवारी रात्री ११ वाजता सुरुवात, हातात नकाशा आणि होकायंत्र, डोक्यावर दिवा. अमेरिकेत ओरेगॉन राज्यातली हूड टू कोस्ट ही रस्त्यावरची रिले १९८२ साली सुरू झाली. तिच्यात संघ गाड्यांतून पुढे पुढे सरकतात. ट्रेल रिलेत मात्र बहुधा कॅम्प एकाच जागी असतो आणि सगळ्या फेऱ्या तिथूनच निघून तिथेच परततात.

अशा रिलेचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात अंतर ठरलेलं असतं आणि कमी वेळात संपवायचं असतं. दुसऱ्यात वेळ ठरलेली असते, साधारणपणे २४ तास, आणि तेवढ्यात जास्तीत जास्त फेऱ्या मारायच्या असतात. ब्रिटनची थंडर रन दुसऱ्या प्रकारातली, १० किलोमीटरच्या एकाच फेरीची. तिथे क्रम संघाच्या हातात असतो. थकलेल्याची एक पाळी सोडता येते, ताजातवाना असेल त्याला दोनदा पाठवता येतं. पहिल्या प्रकारात ही मोकळीक नसते. म्हणून नोंदणीच्या दिवशीच नियमपुस्तिका पूर्ण वाचा, आणि ती एकट्या कप्तानाने नाही, सगळ्यांनी. कोणता क्रम बदलता येतो, धावपटू जखमी झाला तर काय, कट-ऑफ (फेरी संपवायची शेवटची वेळ) किती वाजता, रात्री कोणतं सामान सक्तीचं, इअरफोन चालतात की नाही, सोबतीला कुणी धावू शकतं का, हे सगळं त्यात असतं.

अमेरिकेतल्या रॅग्नार ट्रेल या शर्यतींच्या मालिकेत वापरतात ती पद्धत जरा खोलात बघण्यासारखी आहे. हिरवी, पिवळी आणि लाल अशा तीन वेगवेगळ्या फेऱ्या, लाल बहुधा सर्वांत लांब. पहिला धावपटू हिरवी धावतो, दुसरा पिवळी, तिसरा लाल, चौथा पुन्हा हिरवी. संघ आठ जणांचा असल्यामुळे नववी फेरी पहिल्याच धावपटूकडे येते, पण ती लाल असते. सतरावी पुन्हा त्याचीच, आणि ती पिवळी. आठाला तीनने नि:शेष भाग जात नाही, म्हणून आपोआप प्रत्येकाच्या वाट्याला तिन्ही वाटा येतात. संघ सहा किंवा नऊ जणांचा असता, तर प्रत्येक जण रात्रभर एकच वाट तुडवत राहिला असता.

## क्रमांक वाटताना घड्याळ बघा

बहुतेक संघ सर्वांत वेगवान धावपटूला पहिला आणि दुसऱ्या क्रमांकाच्या वेगवानाला शेवटचा ठेवतात. मला ते पटत नाही. वेग कुठेही ठेवला तरी बेरीज तीच येते. बेरीज बदलते ती कुणाला कोणती वाट रात्री किती वाजता मिळते यामुळे.

वरच्याच उदाहरणात सकाळी १० वाजता सुरुवात धरा. पहिल्या क्रमांकाच्या धावा १०:००, १७:२० आणि मध्यरात्रीनंतर ००:४० ला. दीड वाजून गेल्यावर त्याचं काम संपलं, मग तो सकाळपर्यंत झोपू शकतो. आठव्याच्या धावा १६:२५, २३:४५ आणि ०७:०५ ला. त्याला शेवटची धाव उजेडात मिळते, शिवाय पहिल्या धावेआधी निम्मा दिवस मोकळा. आता पाचवा क्रमांक बघा: १३:४० ला पिवळी, २१:०० ला हिरवी आणि ०४:२० ला लाल. पहिली धाव भर दुपारी, आणि सर्वांत लांब वाट अशा वेळी जेव्हा शरीराचं तापमान रात्रीच्या तळाला असतं आणि झापड सर्वांत जड असते. संघातला सर्वांत कणखर माणूस मी पाचव्या क्रमांकावर ठेवतो. तो सर्वांत वेगवान असलाच पाहिजे असं नाही. रात्री जागण्याची सवय असलेला, अंधारात एकटा न बिचकणारा आणि पोटाने पक्का असला की झालं. पहिल्यांदाच येणाऱ्याला पहिला किंवा आठवा क्रमांक द्या. त्यांनाही रात्रीची एखादी धाव मिळतेच, पण शरीराच्या ओहोटीच्या वेळेतून ते सुटतात.

हे सगळं वेळेच्या अंदाजावर उभं आहे, आणि ट्रेलवर अंदाज चुकतो तो चढामुळे. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये चढाचा वेळ मोजायचा एक आडाखा मांडला होता. धावण्यासाठी त्याच जातीचा सोपा नियम असा: १०० मीटर चढ म्हणजे ८०० मीटर जादा सपाट अंतर. ८ किलोमीटरची वाट आणि ३०० मीटर चढ असेल तर ती १०.४ किलोमीटर समजा. सपाटीवर तुम्ही किलोमीटरला ६ मिनिटं घेत असाल तर साधारण ६२ मिनिटं. रात्रीसाठी त्यात १० ते १५ टक्के मिळवा, म्हणजे ६९ ते ७२. वाट फार खडकाळ असेल तर आणखी. प्रत्येकाने स्वतःचा आकडा प्रामाणिकपणे द्यायला हवा. फुशारकीने पाच मिनिटं कमी सांगितली तर त्याची किंमत पुढचा माणूस थंडीत उभा राहून मोजतो.

अंदाजाचा तक्ता मोठ्या कागदावर काढून तंबूत टांगा आणि शेजारी पेन बांधा. प्रत्येक हँडओव्हरनंतर खरी वेळ लिहा आणि पुढच्या तीन वेळा दुरुस्त करा. प्रत्येक फेरीला फक्त चार मिनिटं जास्त लागली तरी विसाव्या फेरीपर्यंत तक्ता ७६ मिनिटांनी मागे पडलेला असतो. जुन्या तक्त्यावर विसंबून उठलेला माणूस सव्वा तासाची झोप फुकट घालवतो.

## सराव: अंतर कमी, पाळ्या जास्त

तीन धावांची बेरीज २०-२५ किलोमीटर असली तरी अर्ध मॅरेथॉनचा सराव इथे पुरत नाही. तिथे पाय एकदाच गरम होतात. इथे ते तीनदा गरम होऊन दोनदा आखडतात. आठवड्याला २५-३० किलोमीटर आरामात होत असतील तर आठ ते दहा आठवडे पुरे.

त्यातला एक सराव मी अजिबात सोडत नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी संध्याकाळी ६ किलोमीटर, सहा-सात तासांनी मध्यरात्रीनंतर ५, आणि पुन्हा तेवढ्याच अंतराने सकाळी ६. वेग महत्त्वाचा नाही. दोन धावांच्या मध्ये काय खाल्लं, कधी खाल्लं, किती झोप लागली, उठल्यावर पाय मोकळे व्हायला किती वेळ लागला, हे वहीत लिहा. शर्यतीत ही नोंदच कामाला येते. मधल्या काळात आपलं पोट काय मागतं आणि काय नाकारतं, हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट उताराची. चढाने दम लागतो, पण मांड्या मोडतात त्या उताराने, कारण तिथे स्नायू ताणला जात असतानाच जोर लावून शरीराला अडवत असतो. हे दुखणं साधारण १२ ते २४ तासांनी वाढू लागतं, म्हणजे नेमकं तिसऱ्या धावेच्या आसपास त्याची चाहूल लागते. चांगली गोष्ट अशी की उताराचा एक नेटका सरावसुद्धा पुढचे काही आठवडे स्नायूंना या इजेपासून बऱ्यापैकी वाचवतो. शर्यतीच्या दोन आठवडे आधी एकदा लांब उतार धावा, मग मांड्यांना विश्रांती द्या. शेवटच्या आठवड्यात धावणं कमी आणि झोप जास्त. रोज तासभर लवकर झोपलात तर रात्रीचं जागरण नक्की कमी जड जातं.

## दिवा

सामानात एकाच वस्तूवर डोकं घालवायचं असेल तर ते हेडलॅम्पवर घालवा. सोप्या पायवाटेला २०० ल्युमेन (उजेडाचं माप) पुरतात. दगडधोंड्यांच्या उतारावर ३०० ते ४०० असले तर पाऊल टाकताना विचार करावा लागत नाही.

पाकिटावर लिहिलेल्या तासांवर विश्वास ठेवू नका. बरेचदा तो आकडा कमी उजेडाचा असतो, किंवा दिवा हळूहळू मंद होत जाऊन जेमतेम मिणमिणेपर्यंतचा. ज्या पातळीवर तुम्ही धावणार आहात, त्या पातळीवर घरी दिवा लावून ठेवा आणि घड्याळ बघा. जो आकडा येईल त्यातून थंडीसाठी आणखी वजाबाकी करा, कारण गारठ्यात लिथियम बॅटरी लवकर दम तोडते. जादा बॅटरी बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात नको, अंगाजवळच्या खिशात ठेवा. दोन रात्रधावांसाठी दोन पूर्ण भरलेल्या बॅटऱ्या आणि वेगळा एक छोटा दिवा, एवढं हवंच. मुख्य दिवा विझला तर अंधारात बॅटरी बदलायलाही उजेड लागतो.

कपाळावरच्या दिव्यात एक खोट आहे. उजेड डोळ्यांच्या जवळूनच निघतो, त्यामुळे दगडांच्या सावल्या आपल्याला दिसत नाहीत आणि सगळी जमीन सपाट भासते. मुळं, खळगे, सुटे दगड एकसारखे दिसतात आणि ठेच लागते. यावर उपाय म्हणजे दुसरा दिवा कमरेला किंवा हातात. खालून, बाजूने पडणाऱ्या उजेडात सावल्या लांब पडतात आणि जमिनीला पुन्हा उंचसखलपणा येतो. धुक्यात तर कमरेचा दिवाच खरा, कपाळावरचा उजेड धुक्यावर आपटून डोळ्यांत येतो. दोन्ही लावून एकदा आणि एकच लावून एकदा अशी सरावात धाव घ्या, फरक पहिल्या उतारावरच कळेल.

कॅम्पमध्ये लाल उजेड वापरा. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला २०-३० मिनिटं लागतात आणि पांढरा झोत तोंडावर पडला की ती कमाई क्षणात जाते. समोरून कुणी आलं तर दिवा हाताने खाली वळवा.

## तीन पिशव्या

कपड्यांची एक मोठी बॅग नको. तीन पारदर्शक पिशव्या भरा, प्रत्येक धावेची एक. आत टी-शर्ट, शॉर्ट किंवा टाइट्स, अंतर्वस्त्रं, मोजे, लागेल ते जेल (धावताना खायचं, पटकन ऊर्जा देणारं गोड पाकीट), घासणाऱ्या जागांसाठी व्हॅसलीन. रात्रीच्या पिशवीत शिवाय हातमोजे, विंडचीटर, कानटोपी. वर मोठ्या अक्षरात १, २, ३. पहाटे तीन वाजता बोटं बधिर आणि डोकं जड असताना मोजे शोधत बसायला लागू नये, एवढाच हेतू. चौथी पिशवी कॅम्पची: कोरडे उबदार कपडे, जाड मोजे, उघड्या चपला, टॉवेल. मोज्यांच्या दोन जोड्या जादा. बुटांचे दोन जोड असतील तर फारच बरं. एकच असेल तर ओल्या बुटातला आतला तळ काढून बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने बदला.

अंगावर न्यायचं सामान कमी असतं, पण ते आयोजकांच्या तपासणीपुरतं घेऊ नका. शिट्टी, फॉइल ब्लँकेट, भरलेला फोन, पाणी, थोडं खाणं. पाय मुरगळून बसलेला माणूस घामाने भिजलेला असतो, हालचाल थांबलेली असते, आणि दहा मिनिटांत कुडकुडायला लागतो. फॉइल ब्लँकेटचं वजन साधारण अंड्याएवढं असतं.

## कॅम्प

तंबू दरीच्या तळाशी, ओढ्याकाठी लावू नका. रात्री थंड हवा जड होऊन खाली साचते आणि दवही तिथेच जास्त पडतं. थोड्याशा उंचवट्यावर दोन-तीन अंश फरक पडू शकतो. स्वच्छतागृह आणि हँडओव्हर दोन्ही जवळ हवेत, पण हँडओव्हरच्या अगदी शेजारी नको, तिथे रात्रभर ध्वनिक्षेपक चालू असतो. झोपायचा तंबू वेगळा आणि बसायचा वेगळा ठेवा. हे जमलं नाही तर निदान बोलायची जागा झोपणाऱ्यांपासून दूर हवी. खाली जाड मॅट हवीच. स्लीपिंग बॅग कितीही चांगली असली तरी अंगाखाली तिचा भर दबतो आणि जमीन ऊब खेचून घेते.

## धाव संपल्यापासूनचा दीड तास

इथे थोडं थांबून वाचा, कारण सगळं गणित इथेच आहे. दोन धावांमध्ये तुमच्याकडे सात जणांच्या फेऱ्या असतात, म्हणजे सुमारे सहा तास पंचवीस मिनिटं. ऐकायला भरपूर वाटतात, पण विस्कळीत वागलं तर वितळून जातात.

हँडओव्हर झाला की बसू नका. पाच-दहा मिनिटं चाला, चालताचालता पाणी प्या. मग थेट तंबूत जाऊन ओले कपडे काढा, सगळे, अगदी अंतर्वस्त्रांसकट. 'जरा वेळाने बदलतो' म्हणणारा माणूस अर्ध्या तासाने थरथरत असतो. पाय पुसा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, कुठे लाल चटका दिसतोय का बघा. फोड व्हायच्या आधीची ती खूण असते. तिथे आत्ताच टेप लावा, पुढच्या धावेआधी नाही. जाड मोजे, उघड्या चपला.

हे सगळं वीस मिनिटांत झालं पाहिजे, कारण आता खायचं आहे. भूक नसते. जोराच्या धावेनंतर ती मरतेच. पण स्नायूंमधलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेलं साखरेचं इंधन, भरायला पूर्ण दिवस लागतो आणि तुमच्याकडे सहा तासच आहेत, त्यामुळे सुरुवातीचा तास वाया घालवणं परवडत नाही. शरीराच्या दर किलोला सुमारे १ ग्रॅम कर्बोदकं, ही पहिल्या तासाची बेताची मात्रा. ६० किलोच्या माणसाला दोन मध्यम केळी आणि ब्रेडचा एक तुकडा एवढ्यात ती भागते. त्यानंतर तासाभरात खरं जेवण: भात, बटाटा, पास्ता, जे सरावात पचलं असेल ते, सोबत थोडी प्रथिनं आणि मीठ. तेलकट, फार तिखट, फार तंतूमय काही नको. जेवण पुढच्या धावेच्या तीन तास आधी संपलेलं असावं. धावेआधी अर्धा-पाऊण तास हलकं काहीतरी, एवढंच. तासाभराच्या धावेत बहुतेकांना वेगळ्या खाण्याची गरज पडत नाही. वाट लांब असेल तर एक जेल खिशात.

पाणी तहानेप्रमाणे प्या. घाबरून लिटरभर साधं पाणी रिचवत राहिलात तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखणं, मळमळ, बोटं सुजणं, गोंधळल्यासारखं वागणं ही त्याची लक्षणं. ती पाण्याच्या कमतरतेसारखीच भासतात आणि माणूस आणखी पाणी पितो. असं कुणी दिसलं तर सरळ वैद्यकीय कक्षात न्या. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर तुमचं ठीक चाललं आहे.

वेदनाशामक गोळ्यांबद्दल माझं मत ठाम आहे: आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घेऊन धावू नका. घाम गेलेल्या, थकलेल्या शरीरात त्या मूत्रपिंडांवर ताण आणतात आणि थांबायला सांगणारं दुखणं झाकून टाकतात. गोळीशिवाय धावता येत नसेल तर तुमची शर्यत तिथे संपली.

## झोप

जेवण झालं की आडवे व्हा. झोप लागेल की नाही याची चिंता करू नका, डोळे मिटून पडून राहणंही उपयोगी पडतं. पट्टी डोळ्यांवर, बोळे कानात, पाय बॅगेवर थोडे उंच. एकतर २०-२५ मिनिटांची डुलकी घ्या किंवा सरळ दीड तास झोपा. मधल्याच वेळी कुणी हलवून उठवलं तर गाढ झोपेतून ओढून काढल्यासारखं होतं आणि ती गुंगी अर्धा तास उतरत नाही. पाचव्या क्रमांकाच्या माणसाने रात्रीचे साडेबारा ते सव्वातीन एवढा वेळ झोपेसाठी राखून ठेवावा आणि बाकी सगळ्यांनी त्या वेळी त्याच्या तंबूकडे फिरकू नये.

कॉफी नीट मोजून घ्या. कॅफिनचा निम्मा भाग उतरायलाच पाचेक तास लागतात. संध्याकाळच्या धावेनंतर कप घेतलात तर मधली झोप गेली. ती शेवटच्या धावेआधी तासभर, एकदाच.

आणि उठवायचं काम माणसाने करायचं. आमच्याकडे आता पक्का नियम आहे: तुमच्या आधी जो धावणार आहे, तो निघण्यापूर्वी तुम्हाला उठवतो आणि तुम्ही उठून बसल्याशिवाय तंबूच्या दारातून हलत नाही. 'हो, उठलो' हे उत्तर धरत नाही. म्हणजे तुमच्याकडे एक पूर्ण फेरीचा वेळ राहतो: गुंगी उतरायला, थोडं खायला, शौचाला जायला, पिशवीतले कपडे चढवायला, दहा मिनिटं सांधे मोकळे करायला. अंदाजी वेळेच्या १५ मिनिटं आधी हँडओव्हरला, अंगावर जॅकेट ठेवूनच. ते घ्यायला एक सहकारी सोबत. बिब (छातीवरची क्रमांकाची पट्टी) किंवा पट्टा नेमका काय आणि कसा द्यायचा, वेळ नोंदवणारी टायमिंग चिप कुठे बांधायची, हे दिवसाउजेडी एकदा करून बघा.

## धावताना

पहिली धाव दिवसा असते, आजूबाजूला गर्दी, पाय ताजे. नेमकं तिथेच लोक शर्यत घालवतात. पहिली धाव अशी धावा की शेवटी 'अजून एक फेरी मारली असती' असं खरंच वाटावं. चढावर चालायला लाजू नका. तीव्र चढावर झपझप चालणारा आणि धडपडत पळणारा बहुधा एकाच वेळी वर पोचतात, पण एकाचा श्वास ठिकाणावर असतो.

रात्री पावलं छोटी आणि भराभर टाका, नजर पायांपुढे तीन-चार मीटर. मधून मधून दिवा उचलून पुढची खूण शोधा. खुणांच्या फिती उजेड पडला की चमकतात. दोन खुणांमधलं नेहमीचं अंतर ध्यानात ठेवा. त्याच्या दुप्पट अंतर गेलं आणि खूण दिसली नाही, तर पुढे जाऊ नका. शेवटच्या दिसलेल्या खुणेपर्यंत मागे या. समोर एखाद्याचा दिवा दिसतोय म्हणून त्याच्यामागे जाणं धोक्याचं, तोही चुकलेला असू शकतो. झाडीत चमकणारे डोळे दिसले तर बहुतेक वेळा तो आपल्याहून जास्त घाबरलेला प्राणी असतो. वेग कमी करा, मोठ्याने बोला, त्याला जायला वाट द्या.

भीती वाटते, आणि वाटली तर त्यात काही वावगं नाही. पहिल्या रात्रधावेत मला स्वतःच्याच विंडचीटरच्या सळसळीने दोनदा मागे वळून बघायला लावलं होतं. पंधरा मिनिटांनी श्वासाला लय येते आणि मग तो दिव्याचा छोटा गोल एवढंच जग उरतं. मला आता तीच धाव सर्वांत आवडते.

वाटेत कुणी पडलेलं दिसलं तर थांबायचं, वेळ गेली तरी चालेल. स्वतःला इजा झाली तर आधी अंगाभोवती ब्लँकेट, मग फोन. फोनला रेंज नसेल तर शिट्टी: आल्प्समधल्या रूढ संकेताप्रमाणे मिनिटात सहा वेळा वाजवा, एक मिनिट थांबा, पुन्हा सहा. उत्तर मिनिटात तीन शिट्ट्यांनी येतं. तुमच्या शर्यतीच्या नियमांत वेगळा संकेत दिला असेल तर तो पाठ करा.

कॅम्पच्या जवळ आल्यावर शेवटचे शंभर मीटर जपून. समोरच्या झगमगाटाने डोळे दिपतात, पायाखालचं दिसेनासं होतं, आणि तंबूंच्या दोऱ्या तिथेच असतात.

## तिसरी धाव आणि कुणी गळालं तर

तिसऱ्या धावेची पहिली दहा मिनिटं पाय लाकडाचे वाटतात. त्यावरून काही ठरवू नका. दहा मिनिटं चालणं आणि हलकं पळणं आलटूनपालटून करा, बहुतेकांचे पाय नंतर सुटतात. मात्र दुखणं एकाच ठिकाणी टोचत असेल, पाऊल टाकताना वाढत असेल किंवा चाल लंगडी होत असेल, तर ते आखडलेपण नव्हे. तेव्हा थांबायचं.

आठातला एक गळाला तर त्याच्या उरलेल्या फेऱ्या कुणी घ्यायच्या, हे आदल्या दिवशीच ठरवून कागदावर लिहून ठेवा. रात्री दोन वाजता थकलेल्या लोकांना हा प्रश्न विचारला की एकतर सगळे गप्प बसतात किंवा ज्याला नकार देता येत नाही त्याच्या गळ्यात ती फेरी पडते. आम्ही दोन राखीव नावं ठरवतो, ज्यांची तिसरी धाव लवकर संपते त्यांची. बहुधा पहिला आणि दुसरा क्रमांक. आणि गळालेल्या माणसाला तंबूत एकटं सोडू नका. तक्ता लिहिणं, लोकांना उठवणं, पाणी गरम ठेवणं ही कामं त्याच्याकडे द्या. त्या रात्री संघाला त्यांची गरज धावण्याइतकीच असते.

## संपल्यावर

शेवटचा धावपटू आला की तंबू गुंडाळायची घाई सुरू होते. जरा थांबा. कोरडे व्हा, जेवा, आणि गाडी कोण चालवणार ते बघा. रात्रभर तुकड्या-तुकड्यांनी झोपलेला, वर बावीस तास थकलेला माणूस चाकामागे बसला की काही सेकंद डोळे मिटतात आणि त्याला स्वतःलाही कळत नाही. या सगळ्या उपक्रमातला सर्वांत मोठा धोका तोच आहे, वाटेवरचा कुठलाही खडक नव्हे. न धावलेला चालक आधीच ठरवा. ते जमत नसेल तर परतीचा प्रवास दुपारनंतर ठेवा आणि त्याआधी दोन-तीन तास तिथेच सावलीत झोपून घ्या. तंबू शेवटी काढा.